तीन वर्षांचे रविवार

बुद्धिबळाच्या पटाची आणि धान्याच्या दाण्यांची गोष्ट आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. पट शोधून काढणाऱ्या चतुर माणसानें राजाजवळ जें बक्षीस मागितलें तें दिसायला अगदीं क्षुल्लक होतें. पहिल्या घरांत एक दाणा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत चार, चौथ्यांत आठ, याप्रमाणें प्रत्येक घरांत आधींच्या घराच्या दुप्पट. राजा हंसला, त्यानें कोठाऱ्यास हांक मारली, आणि थोड्याच वेळांत त्या दोघांचेंही हंसूं मावळलें. चौसष्ट घरांचे मिळून १,८४,४६,७४,४०,७३,७०,९५,५१,६१५ दाणे होतात. एवढें धान्य कोणाच्याही राज्यांत पिकत नाहीं. गोष्ट येथें संपते, आणि ऐकणाऱ्याचें कुतूहलही बहुधा येथेंच संपतें.

परंतु ढीग किती मोठा यापेक्षां ती संख्या कशाची घडलेली आहे, हें पाहण्यांत गणित्याला अधिक गोडी असते. पंधरा म्हणजे तीन पांचे पंधरा. एकवीस म्हणजे तीन साते एकवीस. सतरा मात्र एकाचा आणि स्वतःचा पाढा सोडल्यास दुसऱ्या कोणत्याच पाढ्यांत येत नाहीं. अशा न फुटणाऱ्या संख्येला मूळसंख्या म्हणतात, आणि उरलेल्या सर्व संख्या अशा मूळसंख्यांच्या गुणाकारानें बनलेल्या असतात. पटावरील दाण्यांची संख्या दिसायला भयंकर, पण फोडायला हलकी आहे. चौसष्टाचे निम्मे बत्तीस, बत्तिसाचे निम्मे सोळा, असें अर्धें अर्धें करीत गेलें कीं तिचे ३, ५, १७, २५७, ६५५३७ आणि ४२९४९६७२९७ असे सहा तुकडे आपोआप पडतात. त्यांतला शेवटचा तेवढा चिवट निघाला. सतराव्या शतकांत फर्मा या फ्रेंच गणित्याला तो मूळसंख्याच वाटत होता. १७३२ सालीं ऑयलरनें तोही फोडून दाखविला: ६४१ गुणिलें ६७००४१७. पटाचा हिशेब तेथें पुरा झाला.

आतां या पटाला चौसष्टांऐवजीं सदुसष्ट घरें आहेत असें समजावें. तीनच घरें अधिक. पण या तीन घरांनीं सारें चित्र पालटतें. दाण्यांची एकूण संख्या आतां १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७ होते. म्हणजे पहिल्या ढिगाच्या आठपट आणि वर सात दाणे. भास्कराचार्यांनीं लीलावतींत एकं, दहं, शतंपासून परार्धापर्यंत अठरा स्थानांचीं नांवें सांगितलीं आहेत. ही संख्या एकवीस स्थानांची असल्यामुळें परार्धाचें नांव घेतल्यावरही पुढें तीन स्थानें उरतात. परार्धांनींच मोजूं गेलें तर १४७५ परार्ध भरूनही ढीग शिल्लक राहतो. गणिताच्या भाषेंत तिचें वर्णन अगदीं चार शब्दांचें आहे: दोनाचा सदुसष्टावा घात घ्यावा आणि त्यांतून एक वजा करावा. सदुसष्ट ही स्वतःच मूळसंख्या असल्यानें अर्धें अर्धें करण्याची मघांची युक्ति येथें मुळींच चालत नाहीं. ही संख्या फुटते कीं नाहीं, आणि फुटत असल्यास कोठें फुटते, याचा निकाल लागण्यास अडीचशेंहून अधिक वर्षें जावीं लागलीं.

अशा संख्येच्या मागें लागण्याचें कारण फार जुनें आहे. सहाला ज्या संख्यांनीं नि:शेष भाग जातो त्या एक, दोन आणि तीन. त्यांची बेरीज पुन्हां सहाच येते. अठ्ठावीसाचीही तीच गोष्ट: एक, दोन, चार, सात आणि चौदा मिळून अठ्ठावीस. अशा संख्यांना ग्रीक लोक परिपूर्ण संख्या म्हणत. युक्लिडनें आपल्या ग्रंथाच्या नवव्या खंडांत त्या तयार करण्याची रीत सांगितली आहे. दोनाच्या घातांतून एक वजा करून जर मूळसंख्या मिळाली, तर तिला दोनाच्या त्याच्या आधींच्या घातानें गुणावें. आलेला गुणाकार परिपूर्ण असतो. दोन त्रिक सहा, चार साते अठ्ठावीस, सोळा गुणिलें एकतीस म्हणजे ४९६, चौसष्ट गुणिलें एकशें सत्तावीस म्हणजे ८१२८. एवढ्या चार संख्या जुन्या लोकांना माहीत होत्या. पांचवीसाठीं पुढचा योग्य घात कोणता, हा प्रश्न उरला.

घात मूळसंख्या नसेल तर कांहींच साधत नाहीं, हें लौकरच कळून आलें. पण घात मूळसंख्या असला म्हणजे काम भागलेंच, ही समजूत मात्र बरीच वर्षें टिकली. अकरा ही मूळसंख्या आहे. पण दोनाच्या अकराव्या घातांतून एक काढला कीं २०४७ उरतात, आणि ते तेवीस गुणिलें एकोणनव्वद आहेत. हें १५३६ सालीं प्रसिद्ध झालें. इटलींतील कातालदी यानें १६०३ सालच्या आपल्या ग्रंथांत सतरा आणि एकोणीस हे घात बरोबर सिद्ध केले, आणि त्या उत्साहांत तेवीस, एकोणतीस, एकतीस व सदतीस हेही खरे असल्याचें सांगून टाकलें. त्यांपैकीं तेवीस आणि सदतीस फर्मानें १६४० सालीं पाडले, एकोणतीस पुढें ऑयलरनें पाडला. एकतीस तेवढा वांचला. १७७२ सालीं ऑयलरनेंच २,१४,७४,८३,६४७ ही मूळसंख्या असल्याचें दाखविलें. थोर थोर माणसें या वाटेवर घसरलेलीं आहेत. दोनाचा घात उणें एक हा आकार इतका साधा दिसतो कीं माणसाला अंदाज करण्याचा मोह आवरत नाहीं.

हा मोह मारें मेर्सेन यालाही आवरला नाहीं. मेर्सेन हा पॅरिसच्या मठांत राहणारा ख्रिस्ती संन्यासी. फर्मा, देकार्त यांसारख्या पंडितांचा पत्रव्यवहार त्याच्या हातून चाले, आणि युरोपांतील नव्या विद्येचें तें एक टपाल कचेरीच होऊन बसलें होतें. १६४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेंत त्यानें एक यादी दिली. २५७ पर्यंतच्या घातांपैकीं फक्त २, ३, ५, ७, १३, १७, १९, ३१, ६७, १२७ आणि २५७ या अकरा घातांनींच मूळसंख्या मिळते, असें त्यानें ठाम लिहिलें. कौतुकाची गोष्ट अशी कीं, पंधरा किंवा वीस अंकी संख्या मूळ आहे कीं नाहीं हें पाहण्यास सगळा काळही पुरणार नाहीं, हें त्याच मेर्सेननें कबूल केलें आहे. आणि त्याच्या यादींतील ६७ ची संख्या एकवीस अंकी आहे, १२७ ची एकोणचाळीस अंकी आणि २५७ ची अठ्ठ्याहत्तर अंकी! हीं नांवें त्यानें कशाच्या आधारावर घातलीं याचा कांहीं एक पुरावा त्यानें मागें ठेवलेला नाहीं. तरीही ती यादी प्रमाण मानली गेली, आणि दोनाचा घात उणें एक या जातीच्या संख्यांना मेर्सेनचें नांव कायमचें चिकटलें. खरें पाहतां हा मान युक्लिडचा.

सव्वादोनशें वर्षें त्या एकवीस अंकी संख्येला कोणी हात लावूं शकला नाहीं. एकेक भाजक घेऊन भाग देत बसणें ही एकच रीत हातीं असल्यावर हात लावणार कसा? ती रीत बदलली एद्वार ल्यूका या फ्रेंच शिक्षकांनीं. त्यांनीं प्रश्नच उलटा केला. संख्येचे तुकडे शोधण्याऐवजीं, ती अखंड असल्यास एका ठराविक आकडेमोडीचा शेवट काय झाला पाहिजे हें त्यांनीं सिद्ध केलें, आणि ती आकडेमोड करून पाहिली. बाजारांत मडकें घेतांना बाई तें बोटानें वाजवून पाहते. आवाज खणखणीत आला तर मडकें धड. बद्द आला तर कोठें तरी चीर आहे. चीर डोळ्यांना दिसलेली नसते, पण ती आहे याविषयीं शंका उरत नाहीं. ल्यूकांची कसोटी नेमकी अशी आहे.

पुढें १९३० च्या सुमारास अमेरिकेंतील लेहमर यांनीं या कसोटीला जो सुटसुटीत आकार दिला, तो ज्यांच्या हाताशीं कागद व पेन्सिल असेल त्यांना आतांच करून पाहतां येईल. चार या अंकापासून आरंभ करावा. त्याचा वर्ग करून दोन वजा करावे: चौदा. पुन्हां वर्ग, पुन्हां दोन वजा: १९४. संख्या वाढूं लागली कीं तपासायच्या संख्येनें भागून बाकी तेवढी ठेवावी. घातापेक्षां दोन कमी इतक्या वेळां हें केलें म्हणजे झालें. शेवटीं शून्य उरलें तर संख्या मूळ, नाहीं तर फुटकी. दोनाचा पांचवा घात उणें एक म्हणजे एकतीस. येथें तीनच पायऱ्या: चौदा, मग १९४, त्याला एकतीसांनीं भागून बाकी आठ, आठाचा वर्ग चौसष्ट, त्यांतून दोन गेले, बासष्ट, आणि बासष्टाला एकतीसांनीं भागलें कीं शून्य. मडकें धड आहे. हीच आकडेमोड २०४७ वर चालविली तर नऊ पायऱ्यांनंतर १७३६ उरतात, शून्य नव्हे. तेवीस आणि एकोणनव्वद यांचें नांवही न काढतां २०४७ फुटकी असल्याचें ठरलें.

सदुसष्टासाठीं अशा पासष्ट पायऱ्या लागतात, आणि प्रत्येक पायरीला एकवीस अंकी संख्येचा वर्ग करून त्याला पुन्हां एकवीस अंकी संख्येनें भागावें लागतें. यंत्राच्या मदतीशिवाय हें काम कष्टाचें खरें. तरी एका माणसाच्या आवांक्यांतलें आहे. १८७६ सालीं ल्यूका यांनीं निकाल जाहीर केला: मेर्सेनचा १२७ बरोबर आहे, पण ६७ चूक आहे. म्हणजे अमुक संख्या फुटते हें ठाऊक झालें, आणि तिचा एकही तुकडा मात्र कोणी पाहिलेला नव्हता. गणिताच्या इतिहासांतली ही एक नवीच अवस्था होती. ल्यूकांच्या विचाराशीं अपरिचित असलेल्या माणसाला ती जराशी अविश्वसनीय वाटली तर नवल नाहीं.

या ल्यूकांचें नांव दुसऱ्याही एका गोष्टीमुळें घरोघर पोंचलें आहे. तीन खुंट्या आणि लहानमोठ्या चकत्यांचा जो खेळ मुलांना देतात, तो त्यांनींच १८८३ सालीं काढला. त्या खेळाबरोबर एक कथाही पसरली: काशीच्या देवळांत रत्नजडित खुंट्यांवर सोन्याच्या चौसष्ट चकत्या आहेत, पुजारी त्या अहोरात्र हलवीत असतात, आणि त्या सगळ्या एका खुंटीवरून दुसरीवर गेल्या कीं जगाचा अंत होईल. काशींत असें देऊळ कधींच नव्हतें. परंतु चौसष्ट चकत्या हलविण्यास जितक्या खेपा लागतात ती संख्या पटावरील दाण्यांची तीच आहे, एकानेंही कमी वा अधिक नाहीं. दोनाच्या घातांनीं ज्यांचें डोकें भरलें होतें त्या गृहस्थांना खेळही तसाच सुचावा हें स्वाभाविक आहे. एका मेजवानींत फुटलेल्या बशीचा तुकडा गालाला लागून ती जखम चिघळली, आणि १८९१ सालीं अवघ्या एकोणपन्नासाव्या वर्षीं ल्यूका वारले.

मडक्याची चीर शोधण्याचें काम फ्रँक नेल्सन कोल यांच्या वांट्याला आलें. कोल हे अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतांत १८६१ सालीं जन्मले, जर्मनींत क्लाइन यांच्या हाताखालीं शिकले, आणि १८९५ पासून न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत प्राध्यापक होते. अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीचे ते चिटणीस, तिच्या मासिकाचे संपादकही तेच. सभांच्या सूचना काढणें, इतरांचे निबंध तपासणें, मुद्रितें पाहणें यांत वर्षानुवर्षें गुंतलेला, मितभाषी माणूस. अशा माणसाला स्वतःचा म्हणून एखादा दिवस मिळाला तर तो रविवार.

त्या रविवारीं त्यांच्यापुढें काय काम होतें याचा अंदाज घ्यावा. सदुसष्टाच्या संख्येला जी कोणती मूळसंख्या भागील, तिला १३४ नीं भागलें असतां बाकी एकच उरली पाहिजे; हा नियम फर्माच्या वेळेपासून माहीत होता. दुसरा नियम असा कीं, त्याच भाजकाला आठांनीं भागलें तर बाकी एक किंवा सात येते. या दोन चाळण्यांतून सारे भाजक चाळले तरी संख्येच्या वर्गमुळापर्यंत, म्हणजे सुमारें बाराशें कोटींपर्यंत, जे उमेदवार उरतात ते कोट्यवधि आहेत. खरा लहान अवयव कोठें होता तें आज माहीत आहे: तेथवर जातांना सव्वासात लाखांच्या आसपास उमेदवार वाटेंत लागतात. त्यांतले कित्येक वरवर पाहूनच गाळतां येतील हें खरें. तरीही तीन वर्षांचे रविवार म्हणजे एकशें छप्पन्न. रविवारीं दहा तास बसलें आणि सरळ भाग देत सुटलें, तर एकवीस अंकी संख्येचा एक भागाकार आठ सेकंदांत उरकावा लागेल. म्हणून कोल यांनीं हा राजमार्ग धरला नाहीं.

त्यांनीं आणखी चाळण्या जमविल्या. एखाद्या वर्गसंख्येला या मोठ्या संख्येनें भागून जर लहानशी बाकी मिळाली, तर ती बाकी त्या अज्ञात अवयवाविषयींही कांहीं सांगत असते: अमक्या प्रकारचा भाजक संभवतो, तमक्या प्रकारचा संभवत नाहीं. आठाचा वर सांगितलेला नियम हा अशाच एका बाकीचा, दोनाचा, परिणाम होय. अशी प्रत्येक स्वतंत्र बाकी उमेदवारांपैकीं साधारण निम्मे बाद करते. एक बाकी मिळाली कीं अर्धे गेले, दुसरी मिळाली कीं पाव उरले, आणि अशा वीस मिळाल्या कीं दहा लाखांतून एखादाच शिल्लक राहतो. पोलिसांनीं हजार लोकांच्या जमावांतून उंची, रंग, बोली, जखमेची खूण असें एकेक विचारीत एका माणसावर यावें, तसाच हा प्रकार. मात्र येथें खुणा कोणी सांगत नाहीं. त्या आकडेमोडींतून काढाव्या लागतात, आणि एकही खूण चुकली तर खरा गुन्हेगारच सुटून जातो. मग राहिलेल्या जमावांत कितीही शोधा, हातीं कांहीं लागणार नाहीं, आणि चूक कोठें झाली हें सांगायलाही कोणी नसतो. या कामाला धीर लागतो तो या कारणासाठीं. नुसत्या कष्टाचें त्यांत फारसें नाहीं.

३१ ऑक्टोबर १९०३ रोजीं न्यूयॉर्क येथें सोसायटीची सभा भरली. कोल यांचा निबंध ‘मोठ्या संख्यांच्या अवयवांविषयीं’ अशा अर्थाच्या साध्या नांवाचा होता. नांव पुकारल्यावर ते उठले, फळ्यापाशीं गेले आणि एक शब्दही न बोलतां दोनाचा सदुसष्टावा घात काढूं लागले. तो झाल्यावर त्यांतून एक वजा केला. मग फळ्याच्या मोकळ्या बाजूला सरकून त्यांनीं दोन संख्या एकीखालीं एक मांडल्या, ७६१८३८२५७२८७ आणि १९३७०७७२१, आणि शाळेंत शिकवितात त्या रीतीनें एकेक ओळ लिहीत गुणाकार केला. दोन्ही बाजूंचीं उत्तरें अंकाला अंक जुळलीं. कोल खडू ठेवून आपल्या जागीं जाऊन बसले, तेही मुकाट्यानेंच. सभेनें टाळ्यांचा कडकडाट केला. प्रश्न कोणी विचारला नाहीं. विचारण्यासारखें कांहीं उरलेंच नव्हतें.

हा प्रसंग एरिक टेंपल बेल यांनीं १९५१ सालच्या आपल्या पुस्तकांत सांगितला आहे, आणि तेव्हांपासून तो जेथें तेथें सांगितला जातो. कोल यांना १९११ सालीं आपण विचारलें असतां, या कामाला तीन वर्षांचे रविवार लागले असें त्यांनीं सांगितलें, हेंही बेल यांचेंच म्हणणें. येथें थोडें सावध राहिलेलें बरें. बेल हे कोलंबियांत शिकले होते व कोल यांना जवळून ओळखत. परंतु १९०३ सालीं ते दूर कॅलिफोर्नियांत विद्यार्थी होते, सभेंत हजर नव्हते. शिवाय गोष्ट रंगविण्याची त्यांची हौस त्यांच्या इतर चरित्रांतून पुरेशी प्रगट झाली आहे. कोल अगदीं एकही शब्द बोलले नसतील कीं दोन चार बोलले असतील, याला आतां साक्षीदार नाहीं. पण गुणाकाराला साक्षीदाराची गरजच नाहीं. त्याच वर्षीं डिसेंबरांत सोसायटीच्या मासिकांत कोल यांचा चार पानी लेख छापून आला, आणि तो गुणाकार आजही कोणीही करून पाहूं शकतो.

पाहायचाच असेल तर तो वाटतो तितका अवघडही नाहीं. गुणकांत नऊ अंक आहेत, पण त्यांत एक शून्य आहे, सात तीनदां आला आहे आणि एक दोनदां. म्हणजे १, २, ३, ७ आणि ९ यांच्या पांचच ओळी तयार कराव्या लागतात, बाकीच्या उतरून घ्यायच्या. शाळेंतील हुषार मुलगी तो अर्ध्या तासांत करील. तेवढाही वेळ नसणाऱ्यांनीं अंकांची बेरीज करून पडताळा पाहावा. पहिल्या अवयवाच्या अंकांची बेरीज चौसष्ट. चौसष्टाची दहा, दहाची एक. दुसऱ्याची सदतीस, तिचीही दहा आणि मग एक. म्हणून गुणाकाराचीही शेवटची बेरीज एक यायला हवी, आणि एकवीस अंक मिळवून एकशें नऊ, मग दहा, मग एकच येते. या पडताळ्यानें चूक सांपडूं शकते, खरेपणाची हमी मिळत नाहीं, हें मात्र विसरूं नये. १३४ चा नियमही तपासून घेतां येईल: १३४ ला १४,४५,५८० नीं गुणून एक मिळविला कीं लहान अवयव बरोबर उभा राहतो. शोधायला तीन वर्षें आणि तपासायला अर्धा तास, ही या संख्येची खरी विचित्रता.

त्या गुणाकारानें परिपूर्ण संख्यांच्या यादींतून एक नांव कायमचें गेलें, आणि मेर्सेनच्या यादीची उरलीसुरली प्रतिष्ठाही ढळली. ती त्याआधीं वीस वर्षें हलूं लागलीच होती. १८८३ सालीं पर्वूशिन नांवाच्या रशियांतील एका खेड्यांतल्या धर्मोपदेशकानें दाखविलें कीं ६१ या घातानें मूळसंख्या मिळते, आणि मेर्सेनच्या यादींत तर ६१ नाहींच. तेव्हां कांहीं विद्वानांनीं मेर्सेनची बाजू सांवरून घेतली: मूळ लिखाणांत ६१ असेल, छापणाऱ्यानें ६७ केलें असेल. ही सबब ऐकायला गोड आहे. परंतु १९११ आणि १९१४ सालीं अमेरिकेंतील रेल्वेचे एक नोकर पॉवर्स यांनीं ८९ आणि १०७ हेही घात खरे असल्याचें दाखविल्यावर ती टिकण्यासारखी राहिली नाहीं; इतक्या चुका एकट्या छापखान्याच्या माथीं मारतां येत नाहींत. २५७ ही चूक ठरला. अमेरिकेंतील युहलर यांनीं १९४७ सालीं शेवटचा राहिलेला घात तपासून संपविला, तेव्हां मेर्सेनच्या प्रस्तावनेला तीनशें तीन वर्षें झालीं होतीं. पंचावन्न मूळ घातांविषयीं त्यानें निर्णय दिले होते आणि त्यांतले पांच चुकले. अंदाजानें बोलणाऱ्याच्या मानानें हें प्रमाण वाईट नाहीं.

कोल १९२० सालीं चिटणीसपदावरून निवृत्त झाले. त्या वेळीं सभासदांनीं वर्गणी करून त्यांना कांहीं रक्कम अर्पण केली; ती त्यांनीं सोसायटीलाच परत देऊन टाकली. त्या निधींतून बीजगणित आणि संख्याशास्त्र यांतील उत्तम कार्यासाठीं त्यांच्या नांवाचें पारितोषिक सुरू झालें. १९२६ सालीं ते वारले.

१९५२ च्या जानेवारींत लॉस एंजलिस येथील एका विद्युत्-गणकयंत्रावर ल्यूकांची कसोटी चालविली गेली आणि एका रात्रींत दोन नवे घात हातीं आले. तेव्हांपासून हें काम यंत्रांचें झालें आहे. २०२४ सालीं सांपडलेली या जातीची मूळसंख्या ४,१०,२४,३२० अंकांची आहे. ती नुसती छापायची म्हटली तर अनेक जाडजूड ग्रंथ भरतील. कोल यांचे दोन अवयव आजचें यंत्र डोळ्याची पापणी लवण्याच्या आंत काढून देतें. पण शोधणें अवघड आणि तपासणें सोपें हा भेद यंत्रांनींही पुसून टाकलेला नाहीं. १९७७ सालीं अमेरिकेंतील तिघा संशोधकांनीं त्याच भेदावर गुप्त लिपीची एक पद्धत उभारली: दोन मोठ्या मूळसंख्यांचा गुणाकार सगळ्यांना खुशाल सांगावा, तुकडे मात्र स्वतःपाशीं ठेवावे. त्या पद्धतीवर पुढें बँकांचे व्यवहार चालूं लागले. आणि खुद्द मेर्सेनच्या घराण्यांतही अजून अशी मडकीं आहेत कीं जीं वाजवून पाहिलीं आहेत, बद्द वाजलीं आहेत, आणि ज्यांची चीर कोणालाही दिसलेली नाहीं. त्यांतलें सर्वांत लहान म्हणजे दोनाचा १२७७ वा घात उणें एक. ही संख्या ३८५ अंकी आहे. ती फुटते हें सिद्ध झालेलें आहे. २०२४ सालापर्यंत जगांतील वेगवान् यंत्रें तिच्या मागें लागूनही तिचा एकही अवयव कोणाच्या हातीं लागला नव्हता.